साठ अध्यक्षांचा वर्ग

आर्वी तालुक्याने या देशाच्या नेतृत्वात घातलेली भर अजून कुणी नीट लिहून ठेवलेली नाही. एकाच वर्षात, एकाच छपराखाली या तालुक्याने साठ अध्यक्ष घडवले. ते सगळे आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या बारावी कला शाखेत शिकत होते, आणि बेंच कमी असल्यामुळे त्यांतले चौदा अध्यक्ष सतरंजीवर बसत.

या साठांचे निर्माते म्हणजे आमचे राज्यशास्त्राचे सर. सगळी शाळा त्यांना 'अध्यक्षसर' म्हणायची. ते स्वतः आयुष्यात कशाचेही अध्यक्ष झाले नाहीत. शिक्षकांच्या पतसंस्थेत एकदा उभे राहिले होते, तेव्हा आपलं मतसुद्धा चुकून दुसऱ्याला देऊन आले. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, 'मराठीवाले' म्हणत. शनिवारी दुपारी व्हरांड्यातून 'मराठीवाले, दोन मिनिटं' असा आवाज आला की माझी संध्याकाळ गेली असं मी समजायचो, आणि ती जायचीच.

या सगळ्याच्या मुळाशी एक शिष्यवृत्ती होती. वर्ध्यातला एक न्यास दरवर्षी तालुक्यातून एका विद्यार्थ्याला निवडतो आणि पदवी होईपर्यंतचा त्याचा सगळा खर्च उचलतो : फी, वसतिगृह, पुस्तकं, जेवण. अट तीन गोष्टींची असते : गुण, नेतृत्व आणि सेवा. गुणांची सोय मुलं आपापली करतात. अडचण येते ती पुढच्या दोन रकान्यांपाशी. 'नेतृत्वाचा तपशील : पद, कालावधी, पुरावा.' 'सेवाकार्याचा तपशील : स्वरूप, लाभार्थी, पुरावा.' हे दोन रकाने पाहिले की सोळा-सतरा वर्षांचं पोर आढ्याकडे बघायला लागतं. अध्यक्षसरांनी ठरवलं होतं की आपल्या वर्गातलं कुणीही आढ्याकडे बघणार नाही.

त्यासाठी त्यांनी मंडळं काढली. जितकी मुलं तितकी मंडळं, आणि प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष. पाणीबचत मंडळ, सायकल-हवा मंडळ, बसथांबा शिस्त मंडळ, पक्षी-दाणा मंडळ, सुवाच्य अक्षर मंडळ. साधारण चाळिसाव्या मंडळानंतर समाजाच्या गरजा संपल्या, तेव्हा सरांनी 'मंडळ समन्वय मंडळ' काढलं. प्रत्येक मूल एका मंडळाचं अध्यक्ष आणि उरलेल्या एकोणसाठांचं सदस्य होतं. मी एकदा विचारलं, "सर, सगळेच नेते झाले तर मागे चालणार कोण?" ते म्हणाले, "मराठीवाले, या देशात मागे चालणारे भरपूर आहेत. तुटवडा पुढच्यांचा आहे." या वाक्यात काहीतरी चूक आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. ती नेमकी कुठे आहे, हे सांगता येत नव्हतं.

त्यांचं लाडकं वाक्य मात्र वेगळं होतं : "पुरावा नाही तर पुण्य नाही." ते ही ओळ इतक्या श्रद्धेने म्हणत की नवीन मुलांना ती संतवचन वाटायची. पुराव्यासाठी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत एक गुंडाळलेला फलक कायम असे. फलकावर 'मंडळातर्फे आयोजित समाजसेवा उपक्रम' असं छापलेलं होतं, आणि त्याच्या आधीची जागा कोरी होती. त्या जागी मंडळाचं नाव लिहिलेली पुठ्ठ्याची पट्टी कपड्यांच्या चिमट्यांनी लावायची, फोटो काढायचा, पट्टी बदलायची, पुढच्या अध्यक्षाने मधे यायचं. फोटोवर जागा, तारीख आणि वेळ आपोआप उमटेल असं ॲप सरांनी मोबाइलमध्ये घेतलं होतं. 'आता कोणी खोटं म्हणून दाखवावं,' असं ते समाधानाने म्हणत. हे ॲप पुढे काय करणार आहे, ते त्या बिचाऱ्याला आणि सरांनाही ठाऊक नव्हतं.

इतिवृत्तं लिहायचं काम माझं. "तुम्ही मुद्दे लिहू नका, भाषा लिहा," असं ते सांगायचे. "जरा वजनदार करून द्या." पक्षी-दाणा मंडळाच्या सभेत सात मुलं होती, त्यांतल्या दोघांनी पक्ष्यांचे दाणे खाल्ले. मी लिहिलं : 'सभेत मूक जीवांप्रती असलेल्या उत्तरदायित्वावर साधकबाधक चर्चा होऊन उपलब्ध सामग्रीचा विनियोग करण्यात आला.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अशी साठ इतिवृत्तं मी लिहिली. प्रत्येकाखाली 'वरील माहिती सत्य आहे' असं छापलेलं असे आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही. वैतागून का होईना, मी ती केली. हे मी आत्ताच सांगून टाकतो.

त्यांच्यावर चिडणं सोपं होतं, पण चिडून राहता येत नसे. शाळेसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. पलीकडच्या गल्लीत याहून चांगलं यंत्र आहे, पण सर प्रत्येक कागद इथेच काढायचे. पानं तिरकी यायची, कडेला काळी पट्टी यायची, सर ब्र काढत नसत. एकदा मीच कुरकुर केली, तेव्हा बाहेर येऊन दुकानदाराकडे बोट दाखवत ते हळू आवाजात म्हणाले, "हा पोट्टा माझ्या वर्गात पहिला होता. याच शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेलता. त्यायनं विचारलं, पद कोणतं होतं? हा म्हणे, कोणतंच नाई. तो रकाना मीच कोरा ठेवलता, मराठीवाले. मले वाटलं, गुण पाहून घेतील." मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला, समन्वय मंडळाची सभा आहे."

त्या वर्षी वर्गात वनिता नावाची मुलगी होती. आर्वीपासून तासाभराच्या एसटीवर तिचं गाव; घरी गोंडी बोलतात. गुणांत ती पहिली. बोलणं कमी आणि जे बोलेल ते असं, की पुढे बोलायला काही उरत नसे. तिला समाजकार्याची पदवी घ्यायची होती आणि ती वर्ध्यालाच मिळते. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं : शिष्यवृत्ती लागली तर वर्धा, नाही तर दिवाळीनंतर मावशीसोबत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यात दुष्टपणा नव्हता. धाकटी दोघं शाळेत होती आणि घरात बसून पदवी मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

सरांची सगळी मदार वनितावर, आणि सगळा संतापही तिच्यावरच. कारण ती दर बुधवारी गैरहजर असायची. सोमवार, मंगळवार पहिल्या तासाला हजर; बुधवारी नाही; गुरुवारी पुन्हा हजर, जणू आठवड्यात बुधवार नसतोच. सर हजेरीपटात तांबड्या शाईने 'गै' लिहायचे. काळ्या शाईने लिहिलं तर मुलांना लाज वाटत नाही, असं त्यांचं मत होतं. दोनदा घरी पत्रं गेली. ती वनितानेच वडिलांना वाचून दाखवली. काय वाचलं, ते तिलाच माहीत.

शेवटी सरांनी तिला उभं केलं. "काऊन वं, बुधवारी काय असते तुझं?"

"दवाखाना राह्यते सर."

"तुले काय झालं?"

"मले काई नाई झालं. आजी लोकायले घेऊन येतो मी. आमच्या गावच्या, बाजूच्या गावच्या. त्यायले मराठी समजते, पण दुखणं मराठीत सांगता येत नाई. डॉक्टर विचारते कसं दुखते, त्या म्हणते दुखते. मंग मी सांगतो."

दहावीपासून ती हे करत होती. बुधवारी गावाहून पहिल्या एसटीने तीन-चार म्हाताऱ्यांना घेऊन यायचं, तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभं राहायचं, आत जाऊन त्यांचं दुखणं मराठीत आणि डॉक्टरचं बोलणं गोंडीत करायचं, गोळ्या घ्यायच्या, दुपारच्या गाडीने परत. समाजकार्यच का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "सर, तीन वर्षं झाली, मी केसपेपरच्या खिडकीच्या बाहेर उभी राहून राह्यली. मले एकदा आतून पाहाचं आहे."

दुसरा कुणी असता तर हे ऐकून गप्प बसला असता. अध्यक्षसरांचे डोळे चमकले. "मराठीवाले," ते म्हणाले, "दुभाषी मंडळ."

पुढच्या बुधवारी आम्ही फलक आणि चिमटे घेऊन दवाखान्याच्या आवारात हजर झालो. वनिताची आजी आणि आणखी दोघी कडुनिंबाखाली बसल्या होत्या. सरांनी फलक उलगडला, पट्टी लावली आणि नम्रपणे म्हणाले, "आजी, जरा इकडे पाहता का?" आजीने फलकाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, नातीला गोंडीत काहीतरी सांगितलं आणि पदर तोंडावर घेतला. बाकीच्या दोघींनीही घेतला.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"म्हणते, हार घालाचा फोटो मेल्यावर काढते. आपल्याले अजून टाइम आहे."

"अन् तू उभी राह्य नं."

"सर, माहा नंबर येऊन राह्यला," असं म्हणून ती आजीला घेऊन आत गेली. आम्ही दोन शिक्षक झाडाखाली फलक धरून उभे होतो. येणारे-जाणारे लोक थांबून विचारत होते, आज फुकट तपासणी आहे का.

फोटो नाही म्हणून सर दोन दिवस झोपले नाहीत असं ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीचा मार्ग धरला. वनिताचं आधीचं मंडळ बरखास्त, दुभाषी मंडळाची स्थापना, अध्यक्ष वनिता, दर शनिवारी सभा, अकरा सभांची इतिवृत्तं. मी म्हटलं, "सर, जे ती खरंच करते ते आहे ना. त्यावर हे कशाला?" ते म्हणाले, "खऱ्याचा फोटो नाही, मराठीवाले. रकान्यात काय लिहू, आजीनं पदर घेतला म्हणून?" मी अकरा इतिवृत्तं लिहिली. भाषा माझ्या मते फार चांगली झाली होती.

शाळेला दोन नावं पाठवता येत होती. वनिताच्या सोबतीला सरांनी अनिकेतला निवडलं. तो एका मंडळाचा मूळ अध्यक्ष होता, आणि इतरांच्या गैरहजेरीत आणखी दहांचा हंगामी. मुलाखतीला वर्ध्याला जायचं होतं. सकाळच्या एसटीत सरांनी दोघांचीही तयारी घेतली. अनिकेत खिडकीशी बसून 'नेतृत्व म्हणजे जबाबदारी, जबाबदारी म्हणजे संधी' असं घोकत होता. वनिता झोपली होती. सरांच्या मांडीवर पिशवी होती. तिच्यात फायली, फलक, शिक्का, शाईची डबी आणि लागलाच तर असावा म्हणून वर्गाचा हजेरीपटही.

मुलाखतीच्या वेळी साक्षीदार शिक्षकाने मागे बसावं असा नियम होता. साक्षीदार मी. सर बाहेर व्हरांड्यात. समोर तीन परीक्षक : मधे एक बाई, एका बाजूला एक गृहस्थ जे फक्त मान हलवत, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ जे तेवढंही करत नव्हते.

अनिकेत आधी गेला. बाईंनी त्याचे फोटो पत्त्यांसारखे मांडले आणि चष्मा वर केला. "बाळ, नदी स्वच्छता, वृद्धसेवा, वृक्षसंवर्धन... अकरा उपक्रम. सगळ्या फोटोंवर एकच जागा दिसते आहे. आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अडतीस मिनिटं."

"हो मॅडम," अनिकेत म्हणाला. "टाइम मॅनेजमेंट."

बाईंनी वही बंद केली. मान हलवणाऱ्या गृहस्थांनी मान हलवली.

मग वनिता. बाईंनी माझं इतिवृत्त उघडलं आणि मोठ्याने वाचलं, " 'भाषिक दरी सांधण्याच्या उदात्त हेतूने अध्यक्षांनी सदस्यांना मार्गदर्शन केले.' काय मार्गदर्शन केलंस?"

"काही नाही मॅडम."

"म्हणजे?"

"ते मंडळ शनिवारी असते. शनिवारी सभा लिहून होते, मग सगळे घरी जाते. मी बुधवारी जातो. बुधवारी मंडळ नसते."

बाई माझ्याकडे वळल्या. "साक्षीदार म्हणून सही आपली?"

"माझी."

"आणि हे इतिवृत्त?"

"तेही माझंच."

"भाषा चांगली आहे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझ्या लेखनाला मिळालेली ही एकमेव समीक्षा. मी उभा राहिलो आणि सभा झाल्या नव्हत्या असं सांगितलं. बुधवारचं खरं आहे, मी स्वतः पाहिलं आहे, हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, कागदावर साक्षीदार तुम्हीच होतात. आता तोंडी साक्ष मी कशी धरू?" मी खाली बसलो. मला तो झेरॉक्सवाला आठवला. त्याचा रकाना कोरा होता म्हणून त्याची शिष्यवृत्ती गेली. हिचा आम्ही भरला होता म्हणून हिची जाणार होती.

बाईंनी वनितालाच विचारलं, "तुझ्याजवळ काही आहे?"

तिने पिशवीतून केसपेपरचा गठ्ठा काढला. म्हाताऱ्या कागद हरवतात म्हणून सगळ्यांचे केसपेपर तिच्याकडेच असत. बाईंनी चाळले. "यावर पेशंटची नावं आहेत. तुझं कुठे आहे?"

"माहं कशाला राहीन? मी आजारी नव्हती."

न हलणारे गृहस्थ पहिल्यांदा हलले. ते म्हणाले, "हजेरी पाहा तिची. त्या दिवशी ही शाळेत असेल तर प्रश्नच मिटला."

सरांना आत बोलावलं. ते आले, हजेरीपट मागितल्यावर गडबडले, आणि शिपायाला चिठ्ठी देऊन आर्वीहून मागवावा लागेल की काय अशा चेहऱ्याने पिशवीत हात घातला. पट पिशवीतच होता. बाईंनी तो उघडला आणि वनिताच्या नावासमोर बोट ठेवलं. महिन्यामागून महिना, दर बुधवारी तांबडं 'गै'. बाई एक केसपेपर उचलत, तारीख वाचत, बोट पटावर नेत, तिथे तांबडं. दुसरा कागद, तांबडं. पंधरा-सोळा कागद झाल्यावर त्यांनी बोट उचललं.

सर पटाकडे बघत उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी परक्या लोकांसमोर गावची भाषा काढली. "बाप्पा," ते म्हणाले, "पुरावा तं मीच लिहून राह्यलो होतो." मग ते बाईंकडे वळले. "मॅडम, त्या खोट्या सभा माझ्या. पोरीचं त्यात काही नाही. या मराठीवाल्यांचंही नाही, ते फक्त भाषा लिहितात."

हे माझ्या बचावात उच्चारलं गेलेलं सर्वात अपमानास्पद वाक्य आहे.

परतीच्या एसटीत सर पुलगाव मागे पडेपर्यंत हजेरीपटातली तांबडी अक्षरं चाळत होते. वनिता पुन्हा झोपली होती. मला वाटलं, माणूस बदलला. मी त्यांना काहीतरी समजुतीचं बोलणार, एवढ्यात ते माझ्या कानाशी वाकले. "मराठीवाले," ते म्हणाले, "गैरहजर मंडळ काढलं तर?"

शिष्यवृत्ती वनिताला मिळाली. पत्रासोबत प्रशस्तिपत्र आलं. ते कुणीतरी अर्जावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं असावं, कारण त्यात 'दुभाषी मंडळाच्या कुशल अध्यक्षा' असं छापलेलं आहे. सरांनी त्याची समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून स्टाफरूममध्ये लावली. ती तिरकी आली आहे, आणि कडेला काळी पट्टी आहे. वनिता वर्ध्याला वसतिगृहात राहते आणि दर बुधवारी एसटीने आर्वीच्या दवाखान्यात येते. कमी हजेरीबद्दल न्यासाचं तिला एक पत्र आलं आहे. सरांनी त्याची झेरॉक्स मागवून घेतली आणि फाईलला लावली. "जपून ठेवजो," ते तिला फोनवर म्हणाले. "पुढं कामी येते."

यंदा अध्यक्षसर निवृत्त झाले आणि मुलीकडे वर्ध्याजवळ नालवाडीला राहायला गेले. आता शनिवारी मला कुणी हाक मारत नाही. संध्याकाळ पूर्ण माझी असते आणि तिचं काय करावं, ते मला समजत नाही. परवा एका मुलाने सुट्टीचा अर्ज आणून दिला, तर मी त्याला नकळत म्हणालो, "पुरावा?" तो बिचारा घाबरून मुरगळलेला पाय दाखवायला लागला.

त्यांच्या निरोपाला ती साठांची तुकडी आली होती. वनिता सोडून सगळे. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वनिता?" मी म्हटलं, "आज बुधवार आहे, सर." त्यांनी सवयीने खिशातलं तांबडं पेन काढलं, पट नाही हे लक्षात येऊन परत ठेवलं, आणि समाधानाने व्यासपीठाकडे गेले. नेतृत्वावर ते पाऊण तास बोलले. एकोणसाठ विद्यार्थी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभे होते, आणि मुख्याध्यापकांनी आभार मानताना असा आदर आपण पाहिला नसल्याचं सांगितलं. खुर्च्या आणायचं काम कुठल्याच अध्यक्षाकडे नव्हतं.